खिडकीतला हत्ती

'खिडकीतला हत्ती.' घरं दोन. रविवारच्या पुरवणीतल्या कोड्यात ही सूचना वाचून मी ऐरावतापासून गणपतीपर्यंत सगळे हत्ती आठवून पाहिले. खिडकीकडे बघायचं मात्र सुचलं नाही. उत्तर होतं 'गज'.

लबाड सूचना असावी तर अशी. तिच्यात एकही अवघड शब्द नाही आणि उत्तर कळल्यावर चिडायला जागाही नाही. 'सुतार ठोकतो, मास्तर काढतात' ही दुसरी. उत्तर 'चूक'. बारीक खिळ्याला चूक म्हणतात हे आता सुतारांच्याही तोंडी फारसं ऐकू येत नाही, पण मास्तरांच्या बाजूने गेलं तरी उत्तर सापडतंच. 'नाटकात तीन, दिवाळीत एक' म्हणजे अंक. 'वैद्याकडेही आणि बाराखडीतही' म्हणजे मात्रा. 'हात जोडले तरी सुटत नाही', घरं दोन, याला मी 'पाप' लिहून बसले होते. ते कर निघालं. फसवणूक होते, पण ती उघड्यावर होते.

ही गोडी मला सासरी लागली. माहेर माझं राजापूरकडचं. तिथे पेपर दुपारच्या एसटीने यायचा आणि आमच्या हातात येईपर्यंत वडिलांच्या मित्रांनी कोडं भरून टाकलेलं असायचं. लग्न होऊन औरंगाबादला आले. शहराचं नाव तेव्हा तेच होतं. सासरे, अण्णा, तहसील कचेरीतून पेशकार म्हणून निवृत्त झालेले. मूळचे हिंगोलीचे. रविवारी सकाळी चहा झाला की पुरवणी चार घड्या घालून मांडीवर घ्यायचे आणि थेट पेनाने भरायला लागायचे. पेन्सिल त्यांना कमीपणाची वाटे. सुरुवातीला मी फक्त वाचून दाखवायची.

"अण्णा, धान्याचं जुनं माप. तीन घरं."

"कोणतं?"

"तेच तर विचारतेय."

"सहा सांगतो. तू घरांकडे बघ."

आणि त्यांनी खरंच सहा सांगितली : पायली, अधोली, मापटे, चिपटे, कोळवे, निठवे. चार शेरांची पायली, तिची अर्धी अधोली. शेराचं अर्धं मापटं, त्याचं अर्धं चिपटं, त्याचं अर्धं कोळवं, आणि निठवं त्याहूनही लहान. सगळी तीन अक्षरी. गंमत पुढेच आहे. पायली-अधोली दोन्ही 'ली'वर संपतात, मापटे-चिपटे 'टे'वर, कोळवे-निठवे 'वे'वर. म्हणजे शेवटचं घर भरलेलं असलं तरी दोन उत्तरं शिल्लक राहतातच. निकाल पहिल्या किंवा मधल्या घरातून जाणाऱ्या उभ्या शब्दावर. तो उभा शब्द सोपा असेल तर पाच मिनिटांत सुटका. तोही असाच कुठल्या तरी कोपऱ्यातला असेल, तर मग घर रिकामं ठेवून पुढच्या रविवारची वाट बघायची.

मराठी कोड्यातल्या या छेदांचं दुखणं इंग्रजीहून वेगळं आहे. इंग्रजीत एका घरात एक लेटर. आपल्याकडे एका घरात पूर्ण अक्षर, म्हणजे व्यंजन, त्याचा काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर असेल तर तेही, सगळं एकत्र. आडव्या शब्दाचा 'नि' आणि उभ्या शब्दाचा 'नी' एकमेकांत बसत नाहीत. म्हणून रचणाऱ्याचे पर्याय भराभर आटतात आणि काळी घरं वाढत जातात. त्यात 1962 साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले. 'आणि', 'परंतु' असे थोडे अपवाद सोडले तर शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ झाले. 'कवि'चा 'कवी' झाला. आता 'कवी'च्या शेवटच्या घरातून खाली शब्द सोडायचा तर तो 'वी'ने सुरू व्हायला हवा. 'वि'चे शब्द कोशात पानंच्या पानं आहेत. 'वी'चे मोजून बघा : वीज, वीट, वीर, वीणा, वीस, वीण… पुढे अडखळायला होतं. त्यामुळे कोड्यात 'कवी' जिथे संपतो तिथून खाली बहुतेक वेळा वीज तरी पडते, नाहीतर वीट तरी.

सोडवणाऱ्याला याचा फायदा करून घेता येतो. आडव्या शब्दात 'र्य' आला की त्या घरातून जाणारा उभा शब्द कार्य, धैर्य, शौर्य, सूर्य यांच्यापैकीच कुणीतरी असतो. सूचना वाचायच्या आधीच सांगावं. आणि उभ्या शब्दाच्या पहिल्या घरात 'ळ' किंवा 'ण' आला तर आडवं उत्तर चुकलंय असं बेलाशक समजावं, कारण या दोन अक्षरांनी मराठीत शब्दच सुरू होत नाहीत. हे मला अण्णांनी पहिल्याच महिन्यात शिकवलं.

पण मी मापांबद्दल सांगत होते. एकदा तो प्रसंग आलाच. माप तीन घरांचं, शेवटचं घर 'वे' नक्की झालेलं. उरले कोळवे आणि निठवे. पहिल्या घरातून खाली दोन घरांची नदी : 'पुणे-सातारा हद्दीवरची'. नदी नीरा, यात शंका नाही. मी उत्साहाने निठवे सांगितलं. अण्णांनी पेन खाली ठेवलं.

"निठव्याचा नि ऱ्हस्व. नीरेची नी दीर्घ. एका घरात दोघी कशा नांदतील?"

"पण कोळवे लिहिलं तर कोरा नावाची नदी होईल."

"म्हणून तर म्हणतो, कोडं चुकलंय."

पुढच्या रविवारी उत्तर आलं ते निठवे आणि नीरा असंच. अण्णांनी संपादकांना पोस्टकार्ड टाकलं. त्यावर उत्तर आलं नाही, पण काही आठवड्यांनी कोड्याखाली बारीक टायपात एक ओळ छापून येऊ लागली : 'ऱ्हस्व-दीर्घाचा फरक धरू नये.' अण्णांना तो आपल्या पोस्टकार्डाचा अपमान वाटला. मला विचाराल तर रचणाऱ्याचंही पटतं. फरक काटेकोर धरायचा म्हटला तर दर आठवड्याला कोडं रचणं जिवावर येईल. तरी सवलत घेणाऱ्याने ती निदान सोप्या शब्दांवर घ्यावी. निठव्यावर घेऊ नये.

आमच्या घरात गाजलेला छेद मात्र दुसराच. आडवी सूचना : 'हिंगोलीजवळून वाहणारी नदी', तीन घरं. उभी सूचना : 'याच्यावर वीज पडते असा समज', तीन घरं. दोन्ही शब्द मधल्या घरात एकमेकांना छेदणारे. त्या रविवारी अण्णा देवळात गेलेले आणि मी एकटी कोडं घेऊन बसले होते. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती, वेगळा जिल्हा 1999 साली झाला. नकाशात शोधायचं तरी परभणीच्या पोटात शोधावं लागे. मराठवाड्यातल्या नद्या म्हणजे माझ्या लेखी गोदावरी आणि फार तर मांजरा. उभा शब्द मात्र मला येत होता. आमच्याकडे आजीच्या तोंडी तो सतत असायचा. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. आमचा एक मामा पायाळू, म्हणून पावसाच्या तोंडाशी आजी त्याला खळ्यात उभं राहू द्यायची नाही. पायाळूच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीतलं धन दिसतं, असंही ती सांगायची. मामाला बिचाऱ्याला कधी चार आणेसुद्धा दिसले नाहीत.

मी 'पायाळू' भरलं. नदीच्या मधल्या घरात 'या' आला. पुढे काही सरकेना.

अण्णा आले, चपला काढता काढता त्यांना नदी विचारली. "कयाधू," ते म्हणाले आणि आत पाय धुवायला गेले. एवढ्या सहज सांगितलं की मला ते नाव म्हणून कळलंच नाही. लहानपणी ते त्या नदीत पोहले होते, पुढे ती पैनगंगेला मिळते ते ठिकाण त्यांनी पाहिलेलं होतं. बाहेर येऊन त्यांनी कोडं बघितलं आणि विचारलं, "हे पायाळू काय असतं?" हिंगोलीकडेही हा शब्द असणारच. पण बाळंतिणीच्या खोलीतल्या गोष्टी पेशकारांच्या कानापर्यंत कुठल्या जायला. म्हणजे त्या एका 'या'साठी एक हिंगोलीचा पुरुष आणि एक राजापूरची बाई लागली. शेजारच्या वकिलांकडे ते घर आठवडाभर रिकामं राहिलं. अण्णा रोज फाटकाशी उभे राहून चौकशी करत, पण उत्तर सांगत नसत.

यात रचणाऱ्याचा दोष आहे असं माझं ठाम मत आहे. अवघड शब्द घेतले म्हणून नव्हे. कयाधू हे प्रल्हादाच्या आईचंही नाव आहे. कीर्तन ऐकणाऱ्या माणसाला ते कदाचित आठवलं असतं, पुराणकथांचं पुस्तक चाळून सापडलं असतं. शब्दाला दोन वाटा होत्या, त्यातली ज्यावर जास्त लोक चालतात तीच याने बंद केली. पायाळूचंही तसंच. 'पाय आधी' एवढं जरी सुचवलं असतं तरी निम्म्या लोकांनी 'पा' लिहिला असता आणि पुढे धडपड केली असती. सूचना हवी तेवढी वाकडी करा, माझी तक्रार नाही. शब्द जुना, दूरचा, एका तालुक्यातला असू द्या. पण मग त्याला छेदून जाणारा शब्द रोजच्या बोलण्यातला पाहिजे. दोन आडबाजूचे शब्द एकाच घरात आणून बांधले की सोडवणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. ते माहीत असणं-नसणं एवढंच राहतं, आणि माहीत असणं हा काही पराक्रम नव्हे.

अण्णांचं मत असं नव्हतं. त्यांच्या मते माणसाला कोड्यातून एक तरी नवा शब्द मिळाला नाही तर रविवार वाया. कोश तेवढ्यासाठीच घरात ठेवायचा. त्यांच्याकडे दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे काही खंड होते, सगळे नव्हते. गहाळ खंडातल्या अक्षराने सुरू होणारा शब्द अडला की ते सार्वजनिक वाचनालय उघडायची वाट बघत. मोल्सवर्थचा कोश मराठी-इंग्रजी, 1831 चा, 1857 ची वाढवलेली आवृत्ती. ते त्याला 'साहेबाचा' म्हणत. पण 'खेडवळ शब्द साहेबाकडेच सापडतात' हेही कबूल करत. आता तो कोश फोनवर उघडतो. अण्णांना हे आवडलं असतं की नाही, सांगता येत नाही.

ज्या कोड्यांचा त्यांना खरा राग होता ती वेगळीच. त्यांचे थोरले भाऊ नोकरीला हैदराबादला होते आणि बक्षिसांच्या कोड्यांचे नादी होते. 1950 च्या आसपास या कोड्यांचा देशभर सुळसुळाट होता. प्रवेश फी भरायची, कूपन कापून पाठवायचं, बक्षीस हजारांत. त्यांच्या सूचना साध्या दिसायच्या. उदाहरणादाखल अशी धरा : 'गरिबाला ही परवडत नाही', दोन घरं, दुसऱ्या घरात 'डी' छापलेलाच. आता सांगा, गाडी, माडी की साडी? तिन्ही बसतात. पहिल्या घरातून दुसरा शब्दच जात नाही, कारण तो जाऊ नये म्हणूनच चौकट तशी आखलेली. खरं उत्तर संपादकाच्या बंद पाकिटात. माणूस मग तीन कूपनं भरतो, तीन फिया देतो. अशी चार घरं सोडली की सगळ्या शक्यता भरायला एक्क्याऐंशी कूपनं लागतात. भाऊंचे पगार तिकडे गेले. छेद अवघड असला तर राग येतो खरा, पण छेदच नसला तर काय होतं ते अण्णांनी घरात पाहिलेलं होतं.

पुढे सरकारने 1955 साली कायदाच केला. महिन्याची बक्षिसं एकूण हजार रुपयांच्या वर नकोत, प्रवेशिका दोन हजारांच्या वर नकोत. कोडीवाले कोर्टात गेले. बंगळूरहून निघणाऱ्या एका पत्रात कोडी चालवणारे चामरबागवाला हे त्यातलं मोठं नाव. 1957 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जुगार हा काही व्यापार म्हणून संरक्षण मागू शकत नाही, आणि जिथे जिंकणं मुख्यतः कौशल्यावर अवलंबून आहे त्या स्पर्धांना हा कायदा लागू नाही. अण्णा महसूल खात्यातले, त्यांना निकालाचा सारांश तोंडपाठ. रविवारचं कोडं भरताना कुणी 'काय मिळतं यात?' म्हणून विचारलं की ते तो ऐकवत. विचारणारा पुन्हा विचारत नसे.

माझा भाचा अमेरिकेत असतो. तो दर शनिवारी न्यूयॉर्क टाइम्सचं कोडं घेऊन बसतो. तिथे सोमवारी सगळ्यात सोपं, मग चढत चढत शनिवारी सगळ्यात अवघड. रविवारचं आकाराने मोठं, एकवीस बाय एकवीस घरांचं, पण शनिवारइतकं खडूस नाही. त्याला कयाधू-पायाळूची हकिकत सांगितली तर तो म्हणाला, याला आमच्याकडे 'नेटिक' म्हणतात. 2008 साली एका कोड्यात बॉस्टन मॅरेथॉनच्या वाटेवरचं नेटिक हे गाव एन. सी. वायेथ या चित्रकाराच्या नावाला छेदून गेलं होतं, तेही पहिल्याच 'एन'वर. गाव ठाऊक नाही, चित्रकार ठाऊक नाही, तर तिथे कुठलंही लेटर चालेल असं वाटतं. तेव्हापासून असल्या प्रत्येक छेदाला त्या बिचाऱ्या गावाचं नाव पडलं. भाच्याची आणखी एक गंमत. नान, राग, साडी, तूप हे शब्द तिथल्या कोड्यांत वरचेवर येतात, छोटे आणि स्वरांनी भरलेले म्हणून. तिथले लोक डोकं खाजवतात तिथे हा न बघता भरतो. बेसबॉलच्या जुन्या खेळाडूंवर मात्र त्याचं सगळं उसनं फिटतं.

आपल्याकडे ती जागा टोपणनावांनी घेतली आहे. 'गर्गे यांचं टोपणनाव', घरं चार : दिवाकर. 'गोडघाटे', घरं दोन : ग्रेस. ही एकदा पाठ झाली की आयुष्यभर पुरतात, कारण रचणारे त्याच त्या नावांकडे वळतात. नारायण मुरलीधर गुप्ते यांना मात्र कुणी वळत नाही. त्यांनी कविता 'बी' या नावाने लिहिल्या, आणि एका घराचा शब्द कोड्यात बसत नाही. चांगला कवी, केवळ नाव आखूड म्हणून पुरवणीतून हुकला.

अण्णा गेल्यानंतर आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी कोडं रचायचं काम माझ्याकडे आलं. अंक म्हणजे झेरॉक्स काढून स्टेपल केलेली पानं, पण वाचणारे कडक. शंभर घरांच्या आत मी राहते. रचताना माझा हिशेब एवढाच की कोकणातला शब्द घेतला, समजा झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळी लावलेली काठी, की त्याला छेद देणारे शब्द औरंगाबादच्या भाजीबाजारातले असावेत. मोंढा घेतला की उलट. मोंढा म्हणजे धान्याची पेठ हे मलाही लग्नानंतरच कळलं. "मोंढ्यावर जाऊन येतो" असं अण्णा म्हणायचे तेव्हा मला ते कुणा माणसाकडे जाताहेत असं वाटायचं.

मागच्या अंकातली एक सूचना मला स्वतःला फार आवडली होती : 'नागपुरात भाजीवर, चेन्नईत भातावर'. घरं तीन. उत्तर सांबार, कारण विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. चेन्नईच्या बाजूने कुणालाही सुटावी म्हणून पहिल्या घरातून 'सांज' खाली सोडली होती आणि शेवटच्या 'र'मधून 'रविवार'. सगळ्यांना सुटली. तक्रार एकच आली, ती दुसऱ्या मजल्यावरच्या अमरावतीच्या काकूंची. त्या अंक घेऊनच वर आल्या.

"यात कोडं काय आहे?" त्या म्हणाल्या. "सांबार भाजीवर नाही तर कशावर घालतात?"

मी त्यांना चेन्नईचं सांगितलं.

"ते सांभार," त्या म्हणाल्या. "भ आहे त्यात. तुमचं मधलं घर चुकलंय."